रोज धावणारं एचओ डिझेल इंजिन: सात-आठ महिन्यांनंतर

हे एचओ, म्हणजे १:८७ मापाचं, रुळांतून येणाऱ्या विजेवर चालणारं मॉडेल रेल्वेचं इंजिन माझ्याकडे जवळजवळ रोज पळतं, तेही मागे डझनभर डबे लावून. धावण्याबद्दल तक्रार नाही. पाच पोलची (फिरत्या भागावर पाच गुंडाळ्या असलेली) मोटर आणि तिच्या दोन्ही टोकांना फ्लायव्हील (वेग एकसारखा राखणारं जड चाक) असल्यामुळे अगदी मंद वेगातही धक्का बसत नाही.

चार-पाच महिन्यांनी मात्र दिवे लुकलुकू लागले, सांध्याच्या रुळांवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे) गाडी अडखळायला लागली. अशा वेळी सगळे आधी मोटरवर संशय घेतात. बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. खोट असते चाकांवरच्या मळात. धूळ, तेल आणि चाक-रुळांमधल्या बारीक ठिणग्या यांतून ते काळं कीट जमतं. टिश्यू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून रुळांवर आडवा टाकायचा, एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा संच) त्यावर आणि दुसरी कोरड्या रुळांवर ठेवायची, इंजिन हाताने धरून करंट द्यायचा. टिश्यूवर दोन काळे पट्टे उमटतात. मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. पॉलिशपेपर चाकांना लावूच नका, चरे पडतात आणि चऱ्यांत मळ दुप्पट धरतो.

खरं काम बोगीच्या आत आहे. खालचं झाकण काढल्यावर वर्मभोवतीचं (मोटरची गती चाकांच्या गिअरला देणाऱ्या स्क्रूसारख्या दांड्याभोवतीचं) ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं दिसलं. त्यानेच मोटर जादा करंट ओढत होती आणि तापत होती. जुनं ग्रीस टूथपिकने खरवडून काढलं, गिअरच्या दातांवर प्लॅस्टिकला चालणाऱ्या ग्रीसचा पातळ हात दिला. मोटरच्या बेअरिंगला तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. जास्तीचं तेल कॉम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) उतरतं, त्यावर घासणाऱ्या ब्रशच्या कार्बनशी मिसळून त्याचा चिखल होतो. ही मोटर बंद डब्याची, ब्रश बदलायची सोयच नाही. म्हणजे मोटरच नवी घ्यायची. तेल कमी पडून बिघडलेल्या इंजिनांपेक्षा तेलाने बुडवलेली इंजिनं मी जास्त पाहिली आहेत.

मध्यंतरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक्’ ऐकू यायचा. आसावरचा गिअर दोन दातांच्या मधे तडकला होता. डिंक-गोंद लावून उपयोग नाही, हे गुळगुळीत प्लॅस्टिक काही धरत नाही. नवा गिअर बसवल्यावर दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिमी येतंय ना, ते कॅलिपरने बघा. नाहीतर गाडी नेमकी सांध्यांवर रूळ सोडते.

राग एकाच गोष्टीचा: चाकांवरचे पकडीसाठीचे रबरी टायर सैल झाले की चढावर चाकं जागच्या जागी फिरतात, आणि कंपनी सुटे टायर देत नाही, आख्खा चाकांचा जोड गळ्यात मारते. एरवी हेच मॉडेल पुन्हा घेईन, पण टायरवाला जोड त्याच वेळी जादाचा मागवून ठेवीन.