सर्वांत मोठ्या इमारतींचा भिंततक्ता : चित्रे सरस, मोजमाप सैल

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात मुलांच्या कोपऱ्यासाठी जळगावहून 'जगातील सर्वांत मोठ्या इमारती' हा मराठी भिंततक्ता ३५० रुपयांना आणला, त्याला आता पाच महिने झाले. या काळात मुलांनी त्यावर इतके प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे देताना तक्त्यातील इतक्या उणिवा लक्षात आल्या, की घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी त्या नोंदवून ठेवाव्यात असे वाटले.

छपाईबद्दल तक्रार नाही. रंग भडक नाहीत, अक्षर ठळक आहे आणि चार हातांवरूनही वाचता येते. मात्र वरचा प्लॅस्टिकचा थर खानदेशी उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून दिलेला नसावा. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात त्याला फुगे आले आणि एक कोपरा सुटला.

मुख्य आक्षेप 'मोठी' या शब्दाबद्दल आहे. इमारत उंचीने मोठी असते, चटईक्षेत्राने, म्हणजे सर्व मजल्यांच्या मिळून क्षेत्रफळाने असते, जमिनीवर व्यापलेल्या जागेने असते किंवा पोटातील घनफळानेही असते. तक्त्याने या चारही मापांच्या इमारती एकाच रांगेत उभ्या करून त्यांना एक ते दहा क्रमांक देऊन टाकले आहेत. दुबईचा बुर्ज खलिफा (८२८ मीटर, २०१०) पहिला आहे, तो अर्थातच उंचीमुळे. पण त्याचे चटईक्षेत्र जेमतेम ३ लाख चौरस मीटर भरते, आणि जमिनीवर अवघे पाच मजले असलेल्या अमेरिकेच्या पेंटागॉन या लष्करी मुख्यालयाचे (१९४३) त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. चीनमधील चंगतू येथील न्यू सेंच्युरी ग्लोबल सेंटर (२०१३) तर सुमारे १७ लाख चौरस मीटरचे आहे. तक्त्यात त्याला चौथा क्रमांक का मिळाला, याचे उत्तर आम्हाला मुलांना देता आले नाही.

चित्रांचे प्रमाणही असेच आहे. बुर्ज खलिफा आठ इंच उंच काढला असेल, तर १०० मीटर उंच आणि ५०० मीटर लांब असलेले ते चिनी संकुल एक इंच उंच आणि पाच इंच लांब दिसायला हवे. येथे ते बुर्जाच्या निम्म्या उंचीचे एक सुबक खोके झाले आहे, आणि त्याचे अवाढव्य पसरटपण, म्हणजे त्याची खरी ओळखच, नाहीशी झाली आहे.

त्याहून गंभीर चूक आकड्याची आहे. घनफळाने जगात सर्वांत मोठी मानली जाणारी इमारत म्हणजे अमेरिकेतील एव्हरेट येथील बोइंगचा विमान कारखाना. त्याचे घनफळ १ कोटी ३३ लाख घनमीटर आहे, तक्त्यात '१३.३ लाख' छापले आहे. दशलक्षाचा लाख करताना एक शून्य गळाले, हे उघड आहे. मुलांना तसाही घनमीटर कळत नव्हता, म्हणून आम्ही एकरात सांगितले : या कारखान्याने ९८ एकर जमीन व्यापली आहे. तापीपल्याडच्या चोपडा-यावलकडील बागेत पाच बाय पाच फुटांवर केळी लावली, तर एकरी सतराशेच्या आसपास झाडे बसतात. म्हणजे या एका छपराखाली एक लाख सत्तर हजारांच्या घरात झाडे मावतील. हा हिशोब होताच वर्ग गप्प झाला. तक्ता मराठी वाचकासाठी असेल, तर चौरस मीटरशेजारी एकराचा आकडा हवाच होता.

भाषांतराबद्दल एवढेच, की 'फ्लोअर एरिया'ला सरसकट 'मजल्याचे क्षेत्र' म्हटल्यामुळे अर्थ एका मजल्यापुरता होतो. 'एकूण चटईक्षेत्र' हा शब्द आपल्याकडे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रोमानियातील बुखारेस्टच्या संसद भवनाखाली मात्र 'सर्वांत जड प्रशासकीय इमारत' असे अगदी बरोबर लिहिले आहे, जरी तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी या क्रमांकाला हरकत घेतली.

नेदरलँड्समधील आल्समीरचा फुलबाजार तक्त्यात आहे, याचे कौतुक वाटते. पाच लाख चौरस मीटरांहून अधिक जागेवर पसरलेल्या या इमारतीत बोली वरून खाली उतरते आणि जो आधी बटण दाबतो त्याला माल मिळतो. बाजार समितीत चढती बोली ऐकत वाढलेल्या मुलांना यापेक्षा रंजक माहिती दुसरी नसेल. तक्त्याने ती दिलेली नाही, फक्त ट्यूलिपचे चित्र दिले आहे.

आणि सुरत नाही! ज्या सुरतेला आमच्या गावातील निम्म्या घरांतले कोणी ना कोणी भुसावळ-सुरत गाडीने कामाला गेलेले आहे, तेथेच १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेले डायमंड बोर्स हे हिरेव्यापाराचे केंद्र सुमारे ६७ लाख चौरस फुटांचे आहे. पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे एका मधल्या मार्गिकेने जोडलेल्या या इमारतीने कार्यालयीन इमारतींमध्ये पेंटागॉनला मागे टाकले. तक्त्यावर आवृत्तीचे वर्ष छापलेले नसल्याने तो त्याआधीचा आहे, की ही इमारत राहून गेली, हे ठरवता येत नाही.

दुकानदाराने चुका ऐकून घेतल्या, पण तक्ता बदलून देण्यास नकार दिला. घरी एकट्या मुलासाठी घेणार असाल तर घेऊ नका. समजावून सांगणारे कोणी शेजारी असेल, तर ३५० रुपये वाया जात नाहीत. आमच्या प्रतीवरील क्रमांक आम्ही पांढऱ्या कागदाने झाकले, बोइंगच्या आकड्यावर दुरुस्तीची चिठ्ठी डकवली आणि सुटलेल्या कोपऱ्यावर सुरतेचे वर्तमानपत्रातील चित्र चिकटवले.