कंपूच्या टेकडीवरील घर : अकरा महिन्यांच्या वास्तव्यानंतर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, कंपूच्या टेकडीच्या उतारावर भाड्याच्या घरात राहून आम्हांला अकरा महिने झाले. तिन्ही ऋतू येथे काढल्याशिवाय काही लिहायचे नाही, असे ठरवले होते. उतारावरचे घर पाहायला माणूस बहुधा संध्याकाळी येतो, वारा अंगावर घेतो, दूरवरचा किल्ला पाहतो आणि होकार देऊन मोकळा होतो. आम्हीही तेच केले. वास्तविक त्याने पहाटे, नळाला पाणी येण्याच्या वेळी यावे.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून मुक्काम हलवून किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली. ती पुढे उठलीच नाही आणि तिचेच लष्कर नावाचे शहर झाले. कंपू म्हणजे शिंद्यांची कवायती फौज. मराठीत आज हा शब्द टोळक्यापुरता उरला आहे, पण येथे त्याचा जुना अर्थ पत्त्यात रोज लिहावा लागतो, याचे मला अजून अप्रूप वाटते. सरदारांच्या जुन्या वस्त्यांना लोक अजूनही ‘गोठ’ म्हणतात, आणि टेकडीवरच्या देवीला, मांढरे घराण्याच्या नावावरून, ‘मांढरे की माता’. कर्करोग रुग्णालयामुळे याच टेकडीला ‘कॅन्सर पहाडी’ हे दुसरे नाव पडले आहे.

आता पाण्याविषयी, कारण या घराचा खरा निकाल तेथेच लागतो. शहराचे पाणी मुख्यतः तिघरा धरणातून येते. सांक नदीवरील हे धरण १९१६ मध्ये बांधले गेले, पुढच्याच वर्षी फुटले आणि नंतर पुन्हा उभे राहिले. तेथून निघालेले पाणी टेकडी चढू लागले की दर दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे एक किलो दाब कमी होतो. त्यामुळे खालच्या गल्लीत बादली भरभर भरते तेव्हा आमच्याकडे नळ नुसता सुस्कारतो. यावर पुष्कळ घरांत टुल्लू पंप, म्हणजे पाणी ओढणारा विजेवरचा छोटा पंप, थेट नळाला जोडतात, जे मला पटत नाही, कारण त्याने शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जातेच, शिवाय नळजोडणीत कोठे गळती असली तर बाहेरची घाणही आत खेचली जाते. पाणी आपल्या दाबाने जमिनीतल्या हौदात पडू द्यावे आणि तेथून गच्चीवरच्या टाकीत चढवावे, हाच योग्य मार्ग होय. आमच्या घरमालकांनी ‘पाणी भरपूर आहे’ असे सांगितले होते, पण हौद निघाला जेमतेम पाचशे लिटरचा. चार माणसांच्या घराला तो मे महिन्यात एक दिवसही पुरेना, आणि टँकर मागवला तर तो चढावरच्या वळणावर अडे.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो. पावसाळ्यात घरात पाणी शिरले नाही, मात्र रस्त्यावरून लोंढा वाहतो आणि उतरताना पाय घसरतात. गॅसचे सिलिंडर वरपर्यंत येते. ई-रिक्षावाले मात्र पायथ्याशीच उतरवतात, आणि माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना हा चढ फार जड गेला.

सोयींच्या बाबतीत एरवी तक्रारीला जागा नाही. जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ पासूनचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, आणि सासूबाईंना एका रात्री दम लागला तेव्हा या जवळिकीची किंमत आम्हांला कळली. किराणा, दूध, औषधे खाली उतरताच मिळतात. मोठ्या खरेदीला बाड्यावर, म्हणजे लष्करच्या मुख्य बाजारचौकात, जावे लागते. सकाळी टेकडीवर फिरणाऱ्यांची वर्दळ असते आणि त्यांत मराठी बोलणे हमखास कानी पडते. नवरात्रात देवीच्या दर्शनाला इतकी गर्दी होते की गाडी खालीच लावावी लागते. पण ते नऊ दिवस सासूबाई चढाविषयी एक शब्द बोलल्या नाहीत.

आम्ही करार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला आहे, मात्र दोन हजार लिटरचा हौद घरमालक बांधून देतील, ही अट या वेळी लेखी घेऊन.