हलकी किट स्पोर्ट्स कार : मोटारसायकलचे इंजिन की जिप्सीचे?

१९५७ च्या लोटस सेव्हन या, सुटे भाग घेऊन घरी जोडता येणाऱ्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर धुळ्यात हलकी गाडी बांधायची, तर मोटारसायकलच्या इंजिनाचा मोह होतोच. गिअरबॉक्स त्यातच असल्याने वजन बरेच वाचते. मात्र रिव्हर्स गिअर सहसा नसतो, दोन माणसांसह गाडी हलवताना क्लच लवकर झिजतो आणि लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकून पंप कोरडा पडू नये म्हणून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये आडपट्ट्या बसवाव्या लागतात. मारुती जिप्सीचे १२९८ सीसी इंजिन जड खरे, पण ते लांबीच्या दिशेने बसत असल्याने मागच्या चाकांना जोडणे सोपे जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या खानदेशात, लळिंग घाटात ट्रकमागे रांगताना, कमी फेऱ्यांवरही (आरपीएम) नीट ओढणारे हे इंजिनच मला योग्य वाटते; रेडिएटर मात्र मोठाच घ्यावा.