हातातला आरएफ मीटर (रेडिओ लहरी मोजणारा): वापरून बघितला, घ्यावा का?
मोबाईल, वायफाय, टॉवर यांचं रेडिएशन रोजच्या वावरात नेमकं किती असतं हे स्वतः मोजायचं होतं म्हणून हा छोटा मीटर घेतला. सगळ्यात भारी म्हणजे आतला तीन अक्षांचा सेन्सर, मीटर कसाही धरा आकडा फार हलत नाही, एका अक्षाचा असला की प्रत्येक जागी फिरवत बसावं लागतं. राउटरजवळ नेला की आकडा उसळतो आणि थोडं मागे सरकलं की धपकन खाली, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पॉवर डेन्सिटी (दर चौरस मीटरवर पडणारी पॉवर) साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. आणि फोन! लिफ्टमध्ये रेंज कमी झाली की तो जोर लावून सिग्नल पाठवतो, ते स्क्रीनवर लगेच दिसतं, खरंच बघण्यासारखं आहे.

पण मोठी उणीव अशी की हा ब्रॉडबँड आहे, सगळं एकत्र मोजतो, वायफायचं किती नि टॉवरचं किती ते कळत नाही, त्यासाठी प्रत्येक फ्रिक्वेन्सी वेगळी दाखवणारा स्पेक्ट्रम अॅनालायझरच पाहिजे. शिवाय पीकचा, म्हणजे क्षणभराच्या उसळीचा, आकडा मोठ्ठा दाखवतो आणि लोक उगाच घाबरतात. आयसीएनआयआरपी या रेडिएशन सुरक्षेच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये २ गिगाहर्ट्झच्या वर सामान्य माणसासाठी पूर्ण शरीराची मर्यादा १० वॅट प्रति चौरस मीटर आहे, तीही ३० मिनिटांच्या सरासरीवर, त्यामुळे पीकशी तुलना करूच नका, अॅव्हरेज मोड लावा. खिशात ठेवूनही मोजू नका, शरीरच सिग्नल अडवतं. घ्यायचाच तर डेटा लॉगिंगवाला (आकडे साठवून ठेवणारा) घ्या, बाकी बॅटरी वगैरे ठीक आहे.