आधी जनावर कोणतं ते विचारणारं पेंडीचं दुकान (जोगेश्वरी पूर्व)

आमच्याकडे तीन म्हशी आहेत, दोन मुऱ्हा आणि एक मेहसाणी. गोरेगावला सासऱ्यांच्या वेळेपासूनचा गोठा. दिराची वरातीला जाणारी घोडी त्याच छपराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली असते, आणि मागे सात-आठ कोंबड्या. एका दारात तीन तऱ्हेची पोटं. या सगळ्यांचा खुराक गेली दोन वर्षं मी ज्या दुकानातून आणते, त्याबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं.

दुकान जोगेश्वरी पूर्वेला, हायवेवरून आत वळलं की लाकडाच्या वखारीला लागून. बोर्ड नाही. दारात सरकी पेंडीची पोती आणि मोठा काटा दिसला की तेच. मालक जुन्नरकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पहिल्यांदा गेले आणि म्हटलं, "दोन पोती सरकी पेंड द्या, एक मका भरडा." अण्णांनी पोत्याला हात लावला नाही. विचारलं, "कोणाला घालणार ताई? दूध किती देते? वाळली वैरण किती टाकता?" वीस वर्षांत कुठल्याच दुकानात मला कोणी हे विचारलं नव्हतं.

हे प्रश्न मला एवढे का लागले, ते सांगते. त्याच वर्षी वैशाखात, लग्नसराईत, एका हॉलमधून उरलेला भात आणि पुऱ्या आल्या होत्या. तेव्हाच्या आमच्या दुकानदाराने सांगितलं, घाला बिनधास्त, दूध वाढेल. वर गव्हाचं पीठही त्यानेच दिलं. थोरली मुऱ्हा घमेलंभर खाऊन गेली. सकाळी मान खाली टाकून उभी. रवंथ बंद, दूध निम्म्यावर, शेण पाण्यासारखं आणि त्याला आंबट वास. डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरली आणि घड्याळाकडे बघत राहिले. धडधाकट म्हशीचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, मिनिटाला एक-दोन वेळा हाताला लाटेसारखं उचलतं. आमचीचं हललंच नाही. नळी घालून रस काढला, त्यात कागदाची पट्टी बुडवली. सामू (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ६ ते ७ असायला हवा, तो साडेपाचच्याही खाली गेला होता.

डॉक्टर म्हणाले, कोटीपोट म्हणजे शंभर लिटरच्या वरची आंबवणाची टाकी. आतले जंतू गवताच्या काडीवर जगतात. त्यांच्यावर एकदम भात-पीठ ओतलं की आम्ल करणारे दुसरेच जंतू माजतात आणि काडी पचवणारे मरतात. सोडा, औषधं, सलाईन झालं. चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला तिच्या जबड्याचा तो संथ कर्र-कर्र आवाज पुन्हा ऐकू आला. मी गोठ्यातच बसले होते. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

म्हणून अण्णांचे प्रश्न ऐकल्यावर मी तिथेच पोत्यावर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मका निम्मा केला, त्याजागी तूर चुनी (तूरडाळीचा चुरा) आणि गव्हाचा भुसा घातला. म्हणाले, आधी कडबा, मग आंबोण (भिजवलेला खुराक), आणि कुठलाही बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. पोटातल्या जंतूंना नवा खुराक अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतात. काडी खाल्ली की रवंथ होतो, रवंथाबरोबर लाळ सुटते, आणि त्या लाळेतच सोडा असतो. मोठ्या गाईला दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ सुटते. बाहेरून खायचा सोडा चारण्यापेक्षा कडब्याची पेंढी बरी, हे मला तेव्हा पटलं. फरक रतीबाच्या दुधात दिसला. काडीपासून जंतू जे ॲसेटिक ॲसिड करतात, त्यातून सडात फॅट उतरतं. महिन्याभराने वरच्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःहून सांगितलं की साय पुन्हा जाड यायला लागली.

दुसऱ्या खेपेला मी सरकी पेंडीचा चुरा कोंबड्यांसाठी मागितला. अण्णांनी साफ नाही म्हटलं, गिऱ्हाईक असून. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या म्हशीच्या कोटीपोटात ते बऱ्यापैकी निकामी होतं. कोंबडीकडे ती टाकीच नाही, लहान रेडकाची अजून तयार व्हायची असते. अशा पेंडीने अंड्यातला बलक हिरवट पडतो. दिराच्या घोडीसाठी तयार गोळी पेंड मागितली तेव्हाही तेच. गाई-म्हशींच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात, म्हशीला ते चालतं, घोड्याचा त्याने जीव जातो. पोत्याच्या लेबलावर बोट ठेवून त्यांनी मला ते वाचायला लावलं.

घोडीचं पोट कसं वेगळं, हे त्यांनी फार सोपं करून सांगितलं. घोड्याचं पोट लहान, जेमतेम ८ ते १५ लिटर, आणि आंबवणाची टाकी पार मागे, मोठ्या आतड्याशी. म्हशीची टाकी पुढे असते, म्हणून तिथे वाढलेले जंतू पुढच्या खऱ्या पोटात उतरतात आणि तीच तिची प्रथिनं होतात. घोडीचे जंतू बरेचसे लिदीबरोबर बाहेर जातात. घरी येऊन मी मुद्दाम लीद आणि शेण शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. लिदीत गवताची काडी अख्खी ओळखू येते, शेणात नाही. दाणा एकदम जास्त झाला तर तो न पचता घोडीच्या मागच्या टाकीत पोचतो, मग पोटशूळ उठतो, खूर धरतात. घोड्याला ओकताही येत नाही. दिराने तेव्हापासून हरभऱ्याचे दोन वेळांचे चार भाग केले.

मालाबद्दल. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. मुंबईच्या पावसात हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. पेंडीला बुरशी आली की अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. तेच पुढे दुधात उतरतं आणि दूध उकळून जात नाही. सरकारी मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम एवढी बारीक आहे. अण्णा पोतं उसवून मूठभर पेंड नाकाशी धरायला लावतात. गेल्या जुलैत एका पोत्याला कुबट वास आला, ते त्यांनी माझ्यादेखत बाजूला काढलं.

आता ज्या गोष्टी पटत नाहीत त्याही लिहिते. पोत्यामागे पन्नास-साठ रुपये जास्त जातात. दहा पोत्यांच्या आत टेम्पो पाठवत नाहीत. मला ते जड जातं. पावसाळ्यात इथली कडबा कुट्टी घेऊ नका, दमट असते आणि धुरळा फार. घोडीसाठी ओट बहुतेक वेळा संपलेले असतात. आणि प्रत्येकाशी अण्णा बोलत बसतात, त्यामुळे पाऊण तास हाताशी ठेवून जा.

मे महिन्यासाठी त्यांचा एक सल्ला मी पाळते. कोटीपोटात खाद्य आंबताना उष्णता तयार होते, काळ्या कातडीच्या म्हशीला घाम कमी येतो, आणि आपल्याकडची दमट हवा. म्हणून खुराकाचा मोठा वाटा सूर्य मावळल्यावर. थोडं बायपास फॅटही देते. ते कोटीपोटात आंबत नाही आणि पिठूळ खाद्यापेक्षा सव्वादोन पट ऊर्जा देतं. महाग आहे, व्यालेल्या म्हशीलाच घालते.

जाणार असाल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी सातला. दूध किती, गाभण किती महिन्यांची आणि वैरण किती, हे लिहून न्या. थोरली मुऱ्हा गेल्या आठवड्यात व्यायली. अण्णांनी पावतीच्या मागे पंधरा दिवसांचा खुराक लिहून दिला, रोज पाव किलो वाढवत. तो कागद गव्हाणीच्या वर खिळ्याला लावलाय. आज सहावा दिवस, सव्वातीन किलो.