जुन्या डिझेल गाडीत खाद्यतेल चालवायची ‘किट’: माझे १,६१,५५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा आधी सांगतो. किट २१,५०० रुपये. तेलाच्या पुरवठ्याचं डिपॉझिट ३०,०००. पहिली तीन बॅरल, २०० लिटरचं एक, ५८ रुपये लिटरने ३४,८००. डिझेल पंप आणि चार नोझल २३,७००. इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा, हेड, ऑईल, मजुरी ४१,२५०. गाडी टोचन करून आणायचे ३,८००. बुडालेलं भाडं ६,५००. एकूण १,६१,५५०. रात्री झोप लागली नाही की हीच बेरीज मी परत परत करतो.

मी बारावी शिकलेला माणूस आहे. २००४ ची टाटा ४०७ आहे, तिच्यावर मुंबईला भाजीपाला नेतो, घर त्याच्यावर चालतं. घरातलेच काही लोक मला हावरट म्हणतात म्हणून सांगतो, ऑक्टोबर २०२१ आठवा. डिझेलने शंभरी ओलांडली होती. त्याआधीचं दीड वर्ष लॉकडाऊनमध्ये गेलं होतं, हप्ते थकले होते. अशा वेळी साडूच्या ओळखीने आलेला माणूस म्हणतो, लिटरमागे चाळीस रुपये वाचतील. ऐकून तरी घ्यावं असं कोणाला वाटणार नाही?

आणि तो खोटं बोलून सुरुवात करत नाही, हेच जास्त घातक आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे त्याने सांगितलं. ते खरं आहे. हॉटेलातलं वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करायची ‘रुको’ नावाची मोहीम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली, त्याचं कात्रण दाखवलं. तेही खरं. फक्त त्या मोहिमेतलं तेल कारखान्यात जातं, तिथे मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याबरोबर प्रक्रिया होते, ग्लिसरीन वेगळं काढतात, मग बायोडिझेल होतं. कढईतलं तेल कापडातून गाळून बॅरलमध्ये भरलं की बायोडिझेल होत नाही. हा मधला सगळा भाग त्याने गाळला आणि म्हणाला, “जुनी गाडी काहीही पचवते, दादा. नव्या गाड्यांचे नखरे असतात.”

डेमो त्याच्या पांढऱ्या सुमोवर. कॅनमधून तेल स्टीलच्या पेल्यात ओतलं, मला बोट बुडवायला लावलं, मग टाकीत ओतून गाडी चालवून दाखवली. बायको बरोबर होती. ती तिथेच हळू आवाजात म्हणाली, “तेल असं पाण्यासारखं पडत नाही हो.” मी तिला गप्प केलं. बोटाला रॉकेलचा वास येत होता. बायको रोज कढई चढवते, तेलाची धार तिला माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि मी चार माणसांत तिला गप्प केलं. तो पातळ केलेला माल होता हे आज कोणीही सांगेल.

पण मला जे डाचतं ते पुढचं आहे. किट म्हणजे सीटमागे बसवलेली दुसरी टाकी, तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि डॅशबोर्डवर लाल-हिरवा दिवा. खाद्यतेल डिझेलपेक्षा कितीतरी पटीने घट्ट असतं, त्यामुळे ते रेडिएटरच्या गरम पाण्याने तापवूनच पंपाकडे सोडायचं, एवढं मला माहीत होतं. तो म्हणाला, लाल आहे तोवर गाडी डिझेलवर, तेल तापलं की हिरवा लागतो आणि आपोआप तेलावर जाते. बंद करताना काही करायची गरज नाही, सगळं ऑटोमॅटिक.

किल्ली फिरवली की चाळीस सेकंदांनी हिरवा लागायचा. दुपारी चाळीस. पहाटे चार वाजता, काचेवर दव असताना, तेव्हाही चाळीसच. मी अठरा वर्षं गाडी चालवतो. थंडीत रेडिएटरचं पाणी कोमट व्हायला दहा मिनिटं लागतात, समोर टेंपरेचरचा काटा असतो, तो तळाला पडलेला मला दिसत होता. त्याच्या शेजारीच हिरवा दिवा. दोन्ही एकाच वेळी माझ्या डोळ्यांसमोर, रोज, सहा आठवडे. ज्या पाण्याने तेल तापायचं तेच थंड आहे, मग तेल कशाने तापलं? हा प्रश्न एकदाही माझ्या मनात आला नाही. नंतर मिस्त्रीने नळी उघडून दाखवली. वेटोळ्याची दोन्ही तोंडं बुच मारून बंद. रेडिएटरची होज त्याला जोडलेलीच नव्हती. दिवा किल्लीवरच्या साध्या टायमरला जोडलेला. मी अडीच-तीन हजारांचं भंगार साडेएकवीस हजारांना घेतलं होतं, आणि एकदा सीट उचलून नळीला हात लावला असता तर ते कळलं असतं.

४ नोव्हेंबरला केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क १० रुपयांनी कमी केलं. फरक कमी झाला, तेव्हाच थांबता आलं असतं. पण तीस हजार डिपॉझिट अडकलं होतं, सहा बॅरल उचलली तरच परत मिळणार होतं. डिपॉझिट घेतात ते ह्याचसाठी.

डिसेंबरच्या शेवटी थंडी पडली आणि बॅरलमधलं तेल डालड्यासारखं गोठलं. हॉटेलात, फरसाणाच्या कारखान्यात बहुतेक पामतेल वापरतात, ते थंडीत धरतं. फोन केला तर म्हणाला, उन्हात ठेवा. दोन दिवसांनी पहाटे कसाऱ्याच्या घाटाआधी गाडीने दम सोडला. आधी पिकअप गेला, मग पांढरा धूर, मग बंद. माल दुसऱ्याच्या गाडीत चढवला. भाडं त्याला गेलं, आणि व्यापाऱ्याची बोलणी मी खाल्ली.

इंजिन खोललं तेव्हा मी समोर होतो. ऑईलची पट्टी बाहेर ओढली तर काकवीसारखी तार आली. न जळलेलं तेल रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑईलमध्ये मिसळलं होतं. रिंगा खाचांत चिकटून बसलेल्या, नोझलच्या तोंडावर कोळशाचे फोड. पंपवाल्याने एलिमेंट, म्हणजे पंपातला तेल दाबणारा भाग, हातात दिलं, त्याच्यावर राळेसारखा पिवळा थर होता, नखाने निघत नव्हता. पंपातल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं, त्यात घट्ट, आंबट, पाणी असलेलं तेल गेल्यावर दुसरं काय होणार, असं तो म्हणाला.

विकणारा तोवर गायब. फोन बंद, भाड्याच्या शेडला कुलूप.

आता सरकारी दारं. पोलीस स्टेशनला तीन चकरा मारल्या. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, “तुम्ही स्वतःच्या मर्जीने घेतलं ना? मग हा दिवाणी मामला.” तिसऱ्या दिवशी पावती पाहून, “यावर जीएसटी नंबर नाही, कच्ची पावती आहे.” अहो, पक्की पावती देणारा माणूस असा पळाला असता का? पुरवठा विभागात गेलो. तिथे म्हणाले, डिझेल-पेट्रोल असेल तर आमचं, हे खाद्यतेल आहे. अन्न-औषधवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, तुम्हाला खायला विकलं का? नाही ना, मग आमच्या कक्षेत येत नाही. पण दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्या हॉटेलांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची आणि ते अधिकृत माणसालाच द्यायचं, हा नियम यांचाच आहे. मग हे बॅरलच्या बॅरल तेल त्या शेडपर्यंत पोचलं कुठून? एकानेही हा प्रश्न विचारला नाही. आणि कहर म्हणजे परिवहन कार्यालयात मलाच सांगितलं की गाडीत परवानगीशिवाय बदल केला म्हणून कारवाई तुमच्यावर होईल. कायद्याने ते बरोबरही आहे. पण चोराला शोधायला कोणाकडे कागद नाही, आणि मला दंड करायचा कागद टेबलावर तयार. चार कार्यालयं आणि साडेतीन महिने घालवले. त्यातला एक माणूस सुद्धा शेडपर्यंत आला नाही. बॅरल बघायला आला नाही. एवढंच करायचं होतं!

तोंडी सांगत बसू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मी दोन महिने तोंडी बोलण्यात घालवले. शिक्का मिळाल्यावर तो अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला, तेव्हा कुठे माझा जबाब घेतला.

कोणी “बायोडिझेल” म्हणून विकायला आला तर आयएस १५६०७ चा, म्हणजे बायोडिझेलच्या भारतीय मानकाचा, चाचणी अहवाल मागा. एप्रिल २०१९ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठीच विकता येतं आणि विकणाऱ्याची नोंदणी लागते. शेडमध्ये बॅरलवर पाटी लावून ते विकायला बसता येत नाही. पंपावरच्या डिझेलमध्येही बायोडिझेल मिसळायची मर्यादा ७ टक्के आहे, आणि हा मला थेट निव्वळ तेलावर गाडी चालवायला सांगत होता.

ओळखीच्या तंत्रनिकेतनातल्या सरांनी माझ्यासमोर चाचणी केली. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली नमुना. खरं बायोडिझेल विरघळून जातं. माझा नमुना पिवळ्या थेंबांनी तळाला बसला. मिथेनॉल विषारी असतं, हे घरी करू नका. पण काचेच्या बाटलीत नमुना भरून, लाखेने बंद करून, तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवा. पैसे रोख देऊ नका. मी २१,५०० रोख दिले आणि आज ते दिल्याचा माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. डिपॉझिट फोनवरून दिलं होतं, तेवढंच सिद्ध होतंय.

ग्राहक आयोगात जा. “धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही” असं मला एका वकिलाने सांगून परत पाठवलं होतं. स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवत असाल तर २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच आहात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करा. मी केली आहे. नोटीस त्याच्या पत्त्यावरून “इसम आढळून आला नाही” म्हणून परत आली.

तिसरं बॅरल अजून माझ्या शेडमध्ये आहे, अर्धं भरलेलं, झाकणाला सील लावून. पुरावा आहे म्हणून टाकत नाही. बायको त्याच्यावरून जाताना काही बोलत नाही. पांढरी सुमो, डॅशबोर्डवर लाल-हिरवा दिवा आणि पिवळ्या पानांचं पावतीपुस्तक, हे तुमच्या तालुक्यात कुठे दिसलं असेल आणि तुमच्याकडे तशीच कच्ची पावती असेल, तर ती फाडू नका. आपापल्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या. मला जबाब घेणाऱ्या हवालदाराने सांगितलं, एकाच माणसाची तक्रार असली की फाइल हलत नाही.