वजन सात किलोंनी वाढलं, छाती होती तेवढीच

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, अंगाने बारीक असलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. त्यांच्या घरच्यांनीही वाचावं.

मागच्या वर्षी मी पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. उंची 170, म्हणजे 165 ची अट पार होत होती. अडत होतं छातीवर. न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून 5 ने जास्त भरावी लागते, माझी 77 च्या पुढे सरकत नव्हती. वजन 51. जेवण मेसचं, रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा वडापाव.

अभ्यासिकेतल्या एकाने जिममधल्या एका ट्रेनरची ओळख करून दिली. बाकीचे ‘महिन्यात बॉडी’ म्हणायचे, हा म्हणाला, "भाऊ, घाई करू नको. वर्षभराचा प्लॅन करू, हळूहळू भरशील." त्या एका वाक्यावर मी विश्वास टाकला. माणूस समजूतदार वाटला. तीन टप्प्यांचा चार्ट दिला आणि 14,000 रुपये आगाऊ घेतले, निम्मे रोख, पावती नाही. पैसे वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून पाठवले होते.

पावडरीचा डबा पांढरा, आत सील नाही, वर हिरव्या पानांचं स्टिकर आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’. बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही. विचारलं तर म्हणे, "माल थेट वैद्यांकडून येतो." मी पुढे काही बोललो नाही.

आठवडाभरात भूक अशी खवळली की मेसमध्ये चारच्या जागी नऊ पोळ्या जायला लागल्या. दुपारी पुस्तक उघडलं की झोप. दहा आठवड्यांत वजन 58 झालं. ट्रेनरने टेप लावून छाती 80 दाखवली, मी त्याच रात्री घरी फोन केला. टेपची गोम मला फार उशिरा कळली: पहिल्या दिवशी त्याने पूर्ण श्वास सोडायला लावून टेप ओढून धरली होती, या वेळी छाती भरलेली असताना सैल धरली. मित्राने नीट मोजली तेव्हा 77 च होती. वजन सगळं गालांवर आणि पोटावर आलं होतं. पोटावर जांभळट-लाल रेघा, पाठभर पुळ्या. मांड्या उलट बारीक झाल्या होत्या. 1600 मीटरला मला आधी 5 मिनिटं 40 सेकंद लागायचे, आता साडेसहा.

दिवाळीला गावी गेलो आणि डबा खोलीवरच राहिला. चौथ्या दिवशी उठवेना. उलट्या, अंग ठणकणं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. तालुक्याच्या डॉक्टरांनी माझा चेहरा बघूनच विचारलं, "वजन वाढायची पावडर घेतोस का?" सकाळी आठला रक्त घेतलं, कॉर्टिसोल हे शरीरातच बनणारं हार्मोन फारच कमी निघालं. त्यांनी आईसमोर समजावून सांगितलं. असल्या पावडरींत बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि सायप्रोहेप्टाडिन हे ॲलर्जीचं औषध मिसळलेलं असतं. ॲलर्जीच्या औषधाने भूक आणि झोप वाढते. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, पोटावर चरबी चढते आणि स्नायू झिजतात. शिवाय शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतं. म्हणून कुणी अशी पावडर घेत असेल तर मनाने एकदम बंद करू नका, जीवावर बेतू शकतं. डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. माझा डोस गोळ्या देऊन हळूहळू उतरवला, त्याला चार महिने लागले. ती भरती हुकली.

ट्रेनर म्हणाला, "तुझ्या बॉडीला सूट झालं नाही." पैसे परत नाहीत. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर बोललो, पण माझ्याकडे पावती नव्हती. डबा अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत दिलाय. कसलीही पावडर घेताना पक्कं बिल मागा, डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांना परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा, 14 आकडी नंबर शोधा आणि तो त्यांच्या साइटवर टाकून बघा. आयुर्वेदिक औषध म्हणून विकत असतील तर उत्पादन परवान्याचा नंबर हवा.

आता रोज चार अंडी, मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, अर्धा लिटर दूध आणि मेसच्या भाजीत घरून आणलेल्या सोयाबीन वड्या. 50 ग्रॅम वड्यांतून 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आठवड्यातून चार दिवस डिप्स, पुलअप्स, स्क्वॉट. महिन्याला अर्धा किलो वाढतं, कधी तेवढंही नाही. पण मांडीला हात लावला तर ती घट्ट लागते.

गेल्या आठवड्यात अभ्यासिकेत एका नवीन पोराच्या बॅगेत तसाच पांढरा डबा दिसला. परभणीचा आहे, एकोणीस वर्षांचा, गाल आत्ताच फुगलेत. सुरुवातीला ऐकेना, मग मी माझे तेव्हाचे फोटो दाखवले. उद्या सकाळी आठला त्याचं रक्त द्यायचंय, मी सोबत जातोय.